ठाणे–कल्याणचे तलाव

ठाणे–कल्याणचे तलाव : ठाणे शहर, कल्याण, डोंबिवली आणि टिटवाळा या पट्ट्यातील गोड्या पाण्याचे लहानमोठे साठे, बहुतेक माणसाने खोदलेले किंवा डोंगरउतारावर बांध घालून अडवलेले. ठाण्याला ‘तलावांचे शहर’ हे नाव यांच्यामुळेच पडले. पूर्वी शहरात साठेक तलाव होते असे जुने ठाणेकर सांगतात. महापालिकेच्या हिशेबी आज ३५ उरले आहेत. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली होती. इतक्या दाटीत पाण्याला जागा राहिली ती आपोआप राहिलेली नाही. प्रत्येक तलावामागे कोणीतरी खोदल्याची, उपसल्याची, राखल्याची हकिगत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय नुसत्या देखाव्याचे वर्णन अपुरे ठरते.

डोंगरातल्या तलावाची ओढ या भागातील लोकांना पुरेपूर आहे. ठाणे-डोंबिवलीच्या गिर्यारोहकांच्या तुकड्या दर उन्हाळ्यात हिमालयात जातात. हिमाचलमधला चार हजार मीटरांहून उंचावरचा चंद्रताल किंवा सिक्कीममधले पाच हजार मीटरांवरचे गुरुडोंगमार पाहून आलेला माणूस बरेच दिवस त्या निळ्या पाण्याविषयीच बोलत राहतो. उंच पर्वतांतील असे तलाव बहुधा हिमनदीने घडवलेले असतात. बर्फाचा प्रचंड भार उतारावरून सरकताना खालचा खडक खरवडून काढतो आणि पातेल्यासारखा खोलगट भाग तयार होतो. त्याला हिमगव्हर म्हणतात. बर्फाने पुढे ढकललेला दगडगोट्यांचा ढिगारा म्हणजे हिमोढ. बर्फ वितळून मागे हटला की या हिमोढाचा बांध होतो आणि त्यामागे पाणी साठते. महाराष्ट्रात असा एकही तलाव नाही. सह्याद्रीवर हिमनद्या कधी साचल्याच नाहीत. राज्यातले सर्वांत नवलाचे सरोवर, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार, तेही आकाशातून पडलेल्या पाषाणाच्या आघाताने झालेले आहे. ठाण्याच्या भोवतालचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचे, काळ्या बेसाल्टचे आहेत. या खडकाच्या पायथ्याशी सखल जागा हेरायची, ती आणखी खोल करायची आणि निघालेली माती कडेला रचून बांध घालायचा, ही इथली रीत. हिमनदीचे काम येथे कुदळीने, फावड्याने आणि डोक्यावरच्या पाटीने झाले. त्या मातीच्या बांधाला पाळ म्हणतात. मासुंदा तलावाच्या परिसराला ठाणेकर आजही ‘तलावपाळी’ म्हणतात तो शब्द याच पाळीवरून आला. आता तिथे डांबरी रस्ता आणि दिव्यांचे खांब असले, तरी नावात ती मातीची पाळ तशीच आहे.

खोदलेला तलाव खोदल्यावर संपत नाही. ठाण्याचा पाऊस वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतारावरून येणारे पाणी माती, पालापाचोळा, रेती घेऊन येते आणि तलावात शिरताच त्याचा वेग मोडतो. जड ते खाली बसते. हिमालयातल्या तलावांतही गाळ साचतो, परंतु तिथे खोली मोठी, वर्षातले बरेच महिने पाणी गोठलेले आणि माणसांचा राबता कमी. इथला उथळ तलाव काही पिढ्यांत भरून येतो. आधी दलदल होते, मग गवत उगवते, मग कोणाच्या तरी मनात तिथे घर बांधायचे येते. म्हणून गाळ उपसणे हेच या तलावांचे खरे चरित्र आहे.

डोंगरातल्या तलावाच्या सर्वांत जवळ जाणारा ठाण्यातला तलाव म्हणजे उपवन. ठाणे स्थानकापासून तो सुमारे पाच किलोमीटरवर, पोखरण रस्ता क्रमांक १ च्या टोकाला, येऊरच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. ‘पोखरण’ या शब्दाचे पुष्करिणीशी नाते उघड दिसते. एके काळी शहराला पाणी याच बाजूने येत असे, आणि ठाणेकरांच्या पिण्याच्या पाण्यात उपवनचा वाटा होता. आज तो पिण्यासाठी वापरला जात नाही. काठाला फरसबंदी, बाकडी आणि चालण्याची वाट आहे. पहाटे पाचपासून चालणाऱ्यांची रांग लागते, संध्याकाळी भेळवाले, कणीसवाले आणि कॉलेजची मुले येतात. पण समोर नजर वर केली की गर्दी विसरायला होते. सरळ पाण्यातून उठल्यासारखा येऊरचा हिरवा उतार, पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर टेकलेला ढग आणि त्या ढगाची पाण्यात पडलेली राखाडी सावली.

उपवन खरा पाहायचा तो जुलैत, जोराची सर ओसरल्यावर तासाभरात. डोंगरावरून येणारा नाला तलावाला मिळतो तिथे हिरव्या पाण्यात तांबूस पाण्याची एक जीभ आत शिरलेली दिसते. तिची कड सुरुवातीला कातरल्यासारखी स्पष्ट असते, मग हळूहळू फिकट होत जाते. त्या तांबड्या पाण्यावर सागाची पाने, बांबूची काटकी, एखादी प्लॅस्टिकची बाटली तरंगत येते, आणि ढोकरी बगळा मान आखडून नेमका त्या सीमेवर उभा असतो, कारण वाहून आलेले किडे खायला मासे तिथेच वर येतात. त्या जिभेत दरसाल तलावाचा तळ किती वर येतो, हे तिथे उभे राहिले की कोणी न सांगता समजते. डोंगरावर झाड असेल तर ही जीभ छोटी राहते. येऊरचे जंगल आणि उपवनचे पाणी यांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे, असे या नोंदीच्या लेखकाला ठामपणे वाटते.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा भाग. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाच्या पलीकडच्या, मुंबईच्या अंगाला विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे मुंबईसाठी बांधलेले तलाव आहेत. म्हणजे एकाच डोंगररांगेने दोन्ही शहरांना पाणी दिले. येऊरवर वारली, महादेव कोळी, कोकणा अशा आदिवासींचे पाडे आहेत. साग, ऐन, पळस, काटेसावर यांचे हे मिश्र पानझडी जंगल उन्हाळ्यात उघडे पडते आणि पहिल्या पंधरवड्याच्या पावसात ओळखू येणार नाही इतके भरते. उद्यानातील बिबट्यांचा वावर येऊरपर्यंत आहे. अंधार पडल्यावर वस्तीच्या कडेला कुत्र्यांचे भुंकणे एकदम थांबले की जुने रहिवासी मुलांना आत बोलावतात. वाट चढण्याआधी वनखात्याचा नाका लागतो आणि तिथले नियम पाळूनच पुढे जावे. काचेच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या पर्यटकांमुळे या डोंगराचे जे हाल झाले ते पाहवत नाहीत.

मासुंदा तलाव स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. ठाणे हे शिलाहारांचे श्रीस्थानक. नवव्या ते तेराव्या शतकांत उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या या घराण्याची ही राजधानी. शिलाहार शिवभक्त होते आणि त्यांच्या काळात देऊळ व पाणी जोडीनेच बांधले जाई. कल्याणच्या पलीकडे अंबरनाथचे शिवमंदिर (१०६०) वालधुनी नदीच्या काठी उभे आहे ते याच परंपरेतले. मासुंद्याच्या काठचे कौपिनेश्वर मंदिर हे ठाण्याच्या ग्रामदैवताचे. सध्याची वास्तू मात्र नंतरची. ठाणे ज्यावर वसले ते साष्टी बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आल्यावर, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधवले आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. गाभाऱ्यातली पिंडी माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी उंच आहे. प्रथमच येणारा भाविक दारातच थबकतो. मंदिराच्या आवारातील ब्रह्मदेवाची जुनी मूर्ती तलावाच्या गाळातून मिळाली असे सांगतात. परचक्राच्या काळात मूर्ती पाण्यात सोडून वाचवायची आणि निवांत झाल्यावर बाहेर काढायची, हा कोकणात अनेक गावी घडलेला प्रकार आहे. तेव्हा या सांगण्यात अशक्य काही नाही. गाळाने तलाव भरतो खरा, परंतु त्याच गाळाने दगडावरचे कोरीव काम शतकानुशतके झाकून जपले आहे.

मासुंद्याच्या भोवती ठाण्याचा सगळा इतिहास दाटीवाटीने बसला आहे. जवळच सेंट जॉन बाप्टिस्ट हे पोर्तुगीज काळात स्थापन झालेले चर्च, थोड्या अंतरावर पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ३४ किलोमीटर धावून जिथे थांबली ते स्थानक. काठावरचे गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उघडले. नाटक सुटल्यावर तलावाच्या कठड्याला टेकून त्याच नाटकावर वाद घालणे ही ठाण्यातल्या दोन-तीन पिढ्यांची सवय आहे, आणि मराठी रंगभूमीवरची बरीच रोखठोक समीक्षा छापून न येता इथेच बोलली गेली आहे. तलावाच्या मधोमध छोट्या बेटावर महादेवाचे देऊळ आहे, होडीने जाता येते. संध्याकाळी पायाने हाकायच्या नावा पाण्यात असतात. त्यांची पॅडल फिरताना येणारा खळखळ आवाज, कठड्यावरच्या पाणीपुरीवाल्याच्या पळीचा आवाज आणि मंदिराची घंटा हे तिन्ही एकत्र ऐकू येतात. दिवाळीच्या पहिल्या पहाटे नवे कपडे घातलेल्या तरुण मुलामुलींनी तलावपाळी फुलून जाते. डोंबिवलीत फडके रस्त्यावर जे घडते तेच इथे पाण्याच्या काठाने घडते. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा कौपिनेश्वर मंदिराच्या न्यासातर्फे निघते आणि आदल्या संध्याकाळी काठावर दिवे लावतात.

शहरातल्या बाकीच्या तलावांविषयी थोडक्यात. महापालिका मुख्यालयासमोरचा कचराळी तलाव नावावरून वाटतो तसा मुळीच नाही. भोवती बाग आणि चालण्याची सुरेख वाट आहे. वागळे इस्टेटजवळचा रायलादेवी, खोपटचा सिद्धेश्वर, आंबे-घोसाळे, मखमली, खाडीपलीकडचे कळवा-खारेगाव, कौसा, दातिवली येथील तलाव हे मुख्यतः आसपासच्या वस्तीचे. यांत उथळसरच्या जोगिला तलावाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. हा तलाव भरला, त्यावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि नकाशावरच्या नावापुरताच तो उरला. नंतर महापालिकेने तिथल्या कुटुंबांचे अन्यत्र पुनर्वसन करून जागा मोकळी केली आणि तलाव पुन्हा खोदून घेतला. बुजलेला तलाव परत मिळवणे किती महाग, किती किचकट आणि तिथे राहणाऱ्यांसाठी किती जड असते हे त्यावरून कळते. वेळच्या वेळी गाळ काढणे त्याच्यापुढे काहीच नाही.

कल्याणचा काळा तलाव, जुन्या कागदांतला शेणाळे तलाव, हा सुमारे २४ एकरांचा या पट्ट्यातला मोठा जलाशय. महापालिकेने त्याला ‘भगवा तलाव’ असे नाव दिले, पण रिक्षावाल्याला सांगताना कल्याणकर अजून काळा तलावच म्हणतात. तो आदिलशाही काळात बांधला गेला असे मानतात. काठाला काळ्या दगडाची जुनी मशीद आणि मोगल काळातले थडगे आहे. कल्याण हे सातवाहन काळापासूनचे बंदर. खाडीचे पाणी खारे, म्हणून एवढ्या मोठ्या व्यापारी गावाला गोड्या पाण्याची सोय आतल्या बाजूला करावीच लागली. तलावाचा आकार त्या जुन्या गावाच्या तहानेवरून ठरला असावा.

टिटवाळा हे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतले, कल्याण-कसारा लोहमार्गावरचे गाव. स्थानकाहून दीड-दोन किलोमीटरवर महागणपतीचे मंदिर आणि त्याला लागून तलाव. ही कण्व ऋषींच्या आश्रमाची जागा, शकुंतलेने येथे गणपतीची आराधना केली, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे या गणपतीला विवाहविनायकही म्हणतात. मंदिराची सांगितली जाणारी हकिगत मात्र सरळ गाळाची आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळी या भागात पाण्याची टंचाई पडली, तेव्हा तलाव उपसून गावाला पाणी द्यायचे ठरले. गाळ काढता काढता खाली गाडलेले दगडी मंदिर उघडे पडले आणि त्यात गणेशमूर्ती मिळाली. मग काठावर देऊळ बांधून तिची स्थापना झाली. म्हणजे आज अंगारकीला लाखांनी लोक ज्या मूर्तीसमोर रांग लावतात ती पाणी हवे म्हणून केलेल्या श्रमातून हाती लागली, असे ही परंपराच सांगते. दर्शनाला येणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. त्यांनी दर्शनानंतर पाच मिनिटे तलावाच्या पायऱ्यांवर बसावे. माळरानाकडून येणारा वारा आणि पाण्यावरची देवळाची सावली हे इथले निम्मे पुण्य आहे.

डोंबिवलीच्या नव्या वस्तीचा विस्तार कल्याण-शीळ रस्त्याच्या दिशेने झाला. या बाजूला निळजे येथे मोठा तलाव आहे. याच रस्त्यावर खिडकाळी येथे जुने शिवमंदिर आणि त्यासमोर तलाव; हा भाग ठाणे महापालिकेत मोडतो, परंतु महाशिवरात्रीला डोंबिवलीकरच तिथे जास्त दिसतात.

या सर्व पाण्यांचे दुखणे थोड्याफार फरकाने सारखेच. साबणाचे पाणी, निर्माल्य, सांडपाणी यांतून नायट्रोजन व फॉस्फरस आत येतात, त्यांवर शेवाळ माजते. ढगाळ दिवसांत प्रकाश कमी पडला की शेवाळ पुरेसा प्राणवायू तयार करत नाही, पण रात्रभर तो वापरत राहते. मग पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात, आणि तशीच स्थिती राहिली तर काठाला मेलेले मासे लागतात. तलावात कारंजी बसवतात ती केवळ शोभेला नव्हे. उडालेले पाणी हवेतून प्राणवायू घेऊन परत पडते. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी एकदा पसरली की पाणी पूर्ण झाकून टाकते. कल्याणच्या गौरीपाडा तलावात २०२० च्या जानेवारीत अनेक कासवे मेलेली आढळली, तेव्हा पाण्याकडे कधी न पाहणारेही काठावर जमले. ठाण्याने मात्र एका बाबतीत इतर शहरांना वाट दाखवली. गणेशविसर्जनासाठी मूळ तलावाशेजारी कृत्रिम तलाव करण्याची पद्धत इथे लवकर सुरू झाली आणि लोकांनी ती मनापासून स्वीकारली. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, रंगांतले धातू तळाच्या गाळात उतरतात. तो सगळा भार आता बऱ्याच अंशी मूळ तलावांवरून उतरला आहे. निर्माल्य वेगळे घेऊन त्याचे खत करण्याचीही व्यवस्था आहे. मासुंद्याच्या काठी आरती करून मूर्ती शेजारच्या कृत्रिम तलावात सोडताना लहान मुले ‘पुढच्या वर्षी लवकर या’ तितक्याच जोरात ओरडतात.

पाहण्यासाठी जुलै ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मासुंदा आणि कचराळी ठाणे स्थानक (पश्चिम) येथून पायी किंवा रिक्षाने. मामलेदार कचेरीजवळची झणझणीत मिसळ खाऊन तलावपाळीवर यायचे, हा जुना ठाणेकर क्रम. उपवनला महापालिकेच्या परिवहन सेवेची बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. काळा तलाव कल्याण स्थानकापासून जवळ, टिटवाळ्याला कसारा किंवा आसनगाव लोकल. कोणत्याही तलावात पोहायला उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गुडघाभर मऊ गाळ असतो आणि पाय एकदा रुतला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो काढता येत नाही. पक्षी पाहायचे तर हिवाळ्यात सूर्योदयाच्या वेळी उपवनच्या डोंगराकडच्या कडेला जावे. खंड्या, पाणकावळे, ढोकरी हमखास दिसतात. रोहित पक्षी मात्र इथे शोधू नयेत. ते ठाणे खाडीच्या खाऱ्या चिखलात उतरतात. त्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मे महिन्यातही एकदा उपवनला जावे. येऊर तपकिरी झालेला असतो, पाणी खाली गेलेले असते आणि कडेचा तळ उन्हात तडकून त्याच्या हाताएवढ्या पापड्या उचललेल्या असतात. वर डोंगरात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर बसून पाण्यावर येणारी जनावरे मोजतात. खाली तलावाच्या काठी एखादी पापडी उचलून मोडली तर आत थर दिसतात, पुस्तकाच्या पानांसारखे पातळ. गेल्या पावसाळ्यातल्या एकेका सरीने आणून टाकलेले.